धाकटे वजन आणि भिजलेला राजमा

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो. पोलादी दांडी, दोन पितळी पारडी आणि मधोमध एक बारीक काटा, एवढाच माझा पसारा. माझ्याबरोबर तीन वजनेही घडवली गेली. मोठ्याला सगळे थोरले म्हणत, त्याखालच्याला मधले आणि मुठीत मावणाऱ्या छोट्याला धाकटे. ही तीन भावंडे आणि मी बरीच वर्षे एका फळीवर राहिलो. आमची गोष्ट गोड नाही. तरी ऐका. ज्यांनी ती सांगायला हवी होती, ती माणसे आता उरली नाहीत.

मला घडवणारा कारागीर भाविक होता. पारडी ठोकताना तो देवाचे गाणे म्हणे आणि हातोडीचा ठोका बरोबर तालावर पडे. पण काटा बसवायची वेळ आली की गाणे थांबे. तो हात धुई, डोळे मिटी आणि म्हणे, "देवा, याच्यापुढे कोणी भुकेलं येईल. त्याची फसवणूक होऊ देऊ नकोस." मग त्याने मला तोलून पाहिले. माझा काटा मध्यावर उभा राहिला. कारागिराच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवशी मला वाटले, काटा मध्यावर उभा राहिला की न्याय झाला. किती भोळा होतो मी!

माझी पहिली नोकरी मटणाच्या दुकानात होती. दुकानदार आडदांड, पण तोंडाचा मिठ्ठास. वर्षअखेरच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी त्याच्या दुकानापुढे रांग लागे, आणि रांगेतल्या बायका माझ्या काट्यावर डोळे रोखून उभ्या असत.

"हाडं कमी घाला हो जरा," एखादी म्हणे.

"वहिनी, हाडं नसती तर बकरा चालत कसा आला असता दुकानात?"

"आणि मागच्या वेळी एवढं नेलं, शिजवल्यावर पातेल्यात एवढंसं! बाकीचं गेलं कुठं?"

"मी कच्चं विकतो. चुलीनं काय खाल्लं ते चुलीला विचारा!"

सगळी रांग हसे. पण तो काटा मारत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होते. "याचा काटा खरा आहे," असे लोक म्हणत, आणि ते ऐकून माझी पारडी नुसती लकाकत. ते माझे कौतुकाचे दिवस. पुढे दिव्याचे आकडे दाखवणारे यंत्र दुकानात आले. मला कोपऱ्यात टाकले, कोपऱ्यातून माळ्यावर, माळ्यावरून भंगारवाल्याच्या गाडीत. भंगारवाल्याने मला आणि माझ्या तीन भावंडांना एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात स्वस्तात विकले. तेव्हा माझी बैठक मोडलेली होती, दांडी वाकलेली होती आणि काटा डावीकडे पडत होता.

तिथे मला सुतारबाबा भेटले. हे आश्रमात राहणारे एक म्हातारे. हात थरथरत, पण हातात पटाशी आली की थरथर थांबे. आपली पत्र्याची हत्यारपेटी त्यांनी खाटेखाली जपून ठेवली होती. मोडक्या खाटेच्या पायातून त्यांनी मला नवी बैठक करून दिली, दांडी सरळ केली आणि काट्याखाली लाकडाचा कागदाइतका पातळ सालपा बसवला. मग वाकून बघितले. काटा मध्यावर उभा होता. "चला," ते म्हणाले, "आपल्यातला एक तरी सरळ झाला."

स्वयंपाक करणाऱ्या बाईला सगळे आत्या म्हणत. ती कोणाचीच आत्या नव्हती. मागे ना नवरा ना मूल, पण गळा असा की डाळ ढवळताना ती देवाची गाणी म्हणू लागली, की जेवणघरातली म्हातारी माणसे चमचे खाली ठेवून ऐकत. जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये वाढायची खिडकी होती. मी त्या खिडकीपाशीच असे, म्हणून दोन्हीकडचे मला दिसे.

आश्रमाची एक रीत होती. रोज सकाळी व्यवस्थापक हात पाठीमागे बांधून स्वयंपाकघरात येई आणि आत्या त्याच्यासमोर दिवसाचे कडधान्य तोले. नियम असा, की माणशी एक धाकटे. धाकट्या वजनाएवढे कोरडे कडधान्य म्हणजे एका माणसाचे दिवसाचे जेवण. जितकी माणसे, तितक्यांदा धाकटे माझ्या पारड्यात चढे आणि उतरे. फार नव्हते ते, पण भिजून, शिजून ताट भरत असे. मटण मात्र वर्षातून एकदाच, वर्षअखेरच्या सुट्टीला. त्यासाठी विश्वस्त वेगळे पैसे पाठवत. त्या दिवशी सुतारबाबा आपल्या वाट्याचे हाड संध्याकाळपर्यंत चोखत बसत. दात नव्हते, पण हाड सोडत नसत. "यात सबंध वर्ष आहे," असे म्हणत.

आता मागच्या खोलीबद्दल सांगतो. सुतारबाबा, त्यांच्या शेजारच्या खाटेवरचे मास्तर आणि आणखी काही जण तिथे झोपत. खोली उत्तरेकडे तोंड करून होती. हिवाळ्यात तिथल्या भिंतीला हात लावला तर हात ओला होई. मास्तरांचा खोकला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई, आणि तो ऐकताना आत्याचे गाणे मध्येच तुटे. त्या खोलीला एक शेगडी हवी होती. पैसे नाहीत, असे उत्तर दरवर्षी मिळे.

एका वर्षी सुट्टी जवळ आली तेव्हा आत्याने व्यवस्थापकाला अडवले.

"साहेब, सुट्टीच्या जेवणाचं बोलायचं होतं."

"बोला आत्याबाई. पटकन, माझा चहा निवतोय."

"मटणाला जेवढे पैसे जातात, त्याच्या निम्म्यात मी याहून भरलेलं ताट वाढते. राजम्याचं. उरलेल्या पैशांत मागच्या खोलीला शेगडी आणा."

"सुट्टीच्या दिवशी राजमा? विश्वस्त माझी सालटी काढतील."

"आधी बघा तरी. मग नाही म्हणा."

तिने स्वतःच्या पगारातून थोडे मटण आणले होते आणि तेवढ्याच पैशांचा राजमा. एका पारड्यात मटण ठेवले, दुसऱ्यात राजमा ओतला. राजम्याचे पारडे धाडकन खाली बसले.

"यात काय विशेष? हे शेंबड्या पोरालाही कळतं," व्यवस्थापक म्हणाला.

"थांबा. खरी गंमत उद्या."

दुसऱ्या दिवशी तिने मटण भाजून, हाड काढून पारड्यात ठेवले. ते इतके आटले होते, की त्याने दुसऱ्या पारड्यातले धाकटेही वर उचलले जाईना. मग भिजवून उकडलेला राजमा आणला. तो एका पारड्यात मावेना. थोडा काढून ठेवला, तरी उरलेल्याला तोलायला थोरले आणि मधले दोघांना चढावे लागले. काटा हळूहळू मध्यावर आला.

व्यवस्थापक वाकून बघत राहिला. "म्हणजे भिजवल्यावर वजन इतकं वाढतं?" त्याने अगदी हळू विचारले.

"पाण्यानं वाढतं, आणि देवाच्या दयेनं," आत्या हसून म्हणाली.

तो हसला नाही. त्याने धाकटे उचलले आणि तो ते तळहातावर वरखाली करत बराच वेळ उभा राहिला.

"शेगडी येईल ना साहेब?"

"येईल, आत्याबाई. शब्द दिला."

पण म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय त्यांचे वर्षाचे एकमेव मटण काढून घेणे आत्याला बरे वाटेना. तिने जेवणघरात सगळ्यांना सांगितले. शिवणकाम करून डोळे घालवलेली एक म्हातारी होती, तिला शिंपीणबाई म्हणत. तिची जीभ सुईसारखी.

"म्हणजे वर्षातून एकदा तोंडाला लागतं, तेही काढून घेतेस? आणि वर गाणी म्हणतेस देवाची?"

"मास्तरांचा खोकला ऐकता ना, बाई? शेगडी येईल."

"मी पुढच्या खोलीत झोपते. मला ऐकू येत नाही."

मग सुतारबाबा उठले. ज्यांना हाडाचा सर्वांत जास्त मोह, तेच. "मी माझं हाड सोडतो," ते म्हणाले. "मास्तरांच्या छातीत ऊब गेली तर मी हाड चोखल्यासारखंच आहे." त्यांच्यामागे एकेकाने हात वर केला. शिंपीणबाईने सर्वांत शेवटी, तोही कोपरापर्यंतच.

मित्रांनो, ते सुट्टीचे जेवण मी कधी विसरणार नाही. उकडून कुटलेला राजमा, त्यात कांदा, गाजर, अळिंबी, वर बटाट्याचा जाड थर, आणि तो थर भट्टीत खरपूस होईपर्यंत भाजलेला. ताटे शिगोशीग भरली. सुतारबाबांनी गाजराचा एक लांब तुकडा उचलला, दोन्ही हातांत धरला आणि हाडासारखा चोखायला सुरुवात केली. "पोरी, मस्त लुसलुशीत बकरा मिळाला हो!" सगळे जेवणघर हसले. मास्तर हसता हसता खोकले, आणि खोकता खोकता पुन्हा हसले. शिंपीणबाईने दुसऱ्यांदा वाढून घेतले आणि कोणी बघत नाही ना ते बघितले. आत्याने त्या दिवशी सबंध गाणे म्हटले. ते कुठे तुटले नाही.

इथपर्यंत सांगायला बरे वाटते. इथेच थांबावे असेही वाटते. पण मला कारागिराने खरे सांगण्यासाठी घडवले आहे.

सुट्टी संपल्यावर शेगडी आली. काळी, लोखंडी, चांगली भक्कम. दोन हमालांनी ती आत आणली. मास्तर खाटेवर उठून बसले, गळ्याभोवतीचा रुमाल नीट केला, जणू पाहुणा येत होता. हमाल मागच्या खोलीच्या दारावरून पुढे गेले आणि व्यवस्थापकाच्या कचेरीत शिरले. स्वयंपाकघराला लागूनच कचेरी. आत्या हातातली पळी तशीच घेऊन दारात गेली.

"साहेब, शेगडी तर मागच्या खोलीची ना?"

"फायलींना ओल धरते, आत्याबाई. कागद एकदा भिजला की गेला. माणसांचं काय, थंडी वाजली तर एकमेकांना चिकटून झोपतील."

ती काही बोलणार, तोच तो म्हणाला, "बरं झालं आलात. उद्यापासून कडधान्य आदल्या दिवशी भिजवून मग तोलायचं. माणशी एक धाकटं."

आत्याला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा पळी तिच्या हातातून गळली. "भिजलेलं? अहो, मग ताटात निम्मं पण नाही यायचं!"

"नियमात माणशी एक धाकटं आहे. मी धाकटं बदललं का? दुसरं वजन आणलं का? वजन तेच, काटा तोच. आणि भिजवल्यावर काय होतं ते तुम्हीच दाखवलंत. मला बिचाऱ्याला काय ठाऊक होतं!"

दुसऱ्या सकाळी एका पारड्यात धाकटे बसले आणि दुसऱ्यात भिजून टम्म फुगलेले राजम्याचे मूठभर दाणे. आत्याचा हात थांबला, तसा व्यवस्थापक म्हणाला, "हं, बास." मी काय करू शकत होतो, मित्रांनो? माझा काटा मध्यावर उभा होता.

त्या हिवाळ्यात ताटे रिकामी झाली आणि माणसे कडवट झाली. त्यांचा राग कचेरीपर्यंत पोचत नसे. तो वाढायच्या खिडकीपाशीच थांबे, कारण तिथे आत्या उभी असे. "हिचीच अक्कल," शिंपीणबाई मोठ्याने म्हणे. "मटण घालवलं, आता राजमाही घालवला. पुढं काय, पाणी तोलणार?" कोणी ताट ढकलून देई. आत्या आपल्या वाट्याचे दुसऱ्यांच्या ताटात घाली, तरी कोणी तिच्याशी बोलेना. गाणे तिने आपणहून बंद केले. फक्त सुतारबाबा खिडकीशी आले की म्हणत, "पोरी, तू तोललंस ते खरंच होतं." त्यावर ती तोंड फिरवी.

मास्तरांची खाट थंडी सरायच्या आत रिकामी झाली. त्यांचा रुमाल त्या खाटेवर आलेल्या नव्या म्हाताऱ्याला मिळाला.

वर्ष फिरून पुन्हा सुट्टी आली. इतक्या कमी खर्चात आश्रम चालवून दाखवल्याबद्दल विश्वस्तांनी व्यवस्थापकाचा सत्कार ठरवला, आणि वाचलेल्या पैशांतूनच त्याची मेजवानी. जागा म्हणून जेवणघर घेतले. म्हाताऱ्या माणसांना त्या दिवशी मागच्या खोलीत कोंबले. किती वर्षांनी माझ्या पारड्यात पुन्हा मटण आले! पण ज्यांचे होते त्यांच्यासाठी ते नव्हते. एक विश्वस्तबाई मटण खात नसत. त्यांच्यासाठी एक रंगीत खोके आले. त्यात मटणाच्या आकाराचा गोळा होता. दळून, दाबून, बिटाचा रंग चढवलेले कडधान्य. आत्याने खोक्यावरची किंमत वाचली.

"अगं बाई! हे तर मटणापेक्षा महाग!"

"असणारच," व्यवस्थापक म्हणाला. "ते आवडीनं खाणाऱ्यांचं आहे. तुमचं नाइलाजानं खाणाऱ्यांचं."

मटणाचा वास मागच्या खोलीत गेला. वासाला कोण अडवणार? सुतारबाबा तेव्हा तापाने पडून होते. मास्तरांचा खोकला आता त्यांच्या छातीत होता. थोड्या वेळाने शिंपीणबाई भिंत चाचपत मागच्या दाराने आत आली. वर्षभरात पहिल्यांदाच ती आत्याशी नीट बोलली, म्हणजे तिच्या मानाने नीट.

"म्हातारा हाड मागतोय. चोखायला एक. देणार असशील तर दे, नाहीतर दगड हो."

आत्याने जेवणघरातून परत आलेल्या उष्ट्या ताटांतले एक हाड उचलले. धुतले. पदराखाली घेतले आणि ती वळली, तर दारात व्यवस्थापक.

"काय आहे?"

"उष्टं हाड आहे साहेब. टाकायचंच होतं."

"ठेव काट्यावर."

"साहेब, सुतारबाबा फार—"

"ए बाई, काट्यावर ठेव म्हटलं ना!"

तिने हाड माझ्या पारड्यात ठेवले. त्याने दुसऱ्यात धाकटे टाकले. मी देवाचा धावा केला, मित्रांनो. एकदा, फक्त एकदा मला चुकू दे, म्हटले. पण माझ्या काट्याखाली सुतारबाबांच्या हातचा सालपा होता, आणि ते काम चुकणारे नव्हते. काटा थरथरला आणि मध्यावर उभा राहिला.

"बघ. बरोब्बर एक धाकटं. म्हणजे एका माणसाचं सबंध दिवसाचं अन्न चोरलंस तू. आजच निघायचं."

वाढायच्या खिडकीतून विश्वस्तबाईंनी डोकावून पाहिले. "बिचारी. भूक लागली असेल," त्या म्हणाल्या आणि आपल्या महागड्या गोळ्यातला अर्धा तसाच ताटात सोडून हात पुसू लागल्या.

आत्या गाठोडे घेऊन निघाली. मागच्या खोलीत जायला तिला मनाई होती. ती फाटकाशी थांबली आणि तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, देवाचे गाणे म्हणू लागली. पहिले कडवे होते न होते, तोच रखवालदाराने फाटक लावून घेतले आणि तिला हाकलले. हाड व्यवस्थापकाने मागच्या अंगणातल्या कुत्र्याला टाकले. कुत्रे ते घेऊन मागच्या खोलीच्या खिडकीखाली बसले. त्याच्या दातांखाली हाड कडकड वाजत होते. सुतारबाबांना ते ऐकू आले असणार. त्या रात्रीनंतर त्यांनी काही मागितले नाही. सुट्टी संपायच्या आत त्यांची खाटही रिकामी झाली.

मग त्यांची हत्यारपेटी माझ्यापुढे आली. रंधा, पटाश्या, हातोडी, करवतीचे पाते. भंगारवाला लाकडाचे पैसे देत नाही, म्हणून व्यवस्थापकाने मुठी उपटून काढल्या. वर्षानुवर्षांच्या घामाने काळ्या, गुळगुळीत झालेल्या त्या मुठी कचेरीतल्या शेगडीत गेल्या. लोखंड माझ्या पारड्यात पडले. ज्या पटाशीने माझा काटा सरळ केला, ती पटाशी मी भंगार म्हणून तोलली. अगदी बरोबर तोलली.

आता मी जेवणघरात असतो. विश्वस्तबाईंना मी शोभेला ठेवायला फार गोड वाटलो. माझ्या एका पारड्यात कापडी फुले आहेत आणि दुसऱ्यात मेणाची सफरचंदे. रोज एक माणूस मऊ फडक्याने मला पुसतो आणि दांडीला तेल देतो. थोरले आणि मधले माझ्या पायाशी चकचकीत बसलेले असतात. धाकटे कचेरीत असते, फायली उडू नयेत म्हणून त्यांच्यावर. शेगडीजवळ, उबेत. फुले हलकी आणि सफरचंदे जड, म्हणून माझा काटा एकीकडे झुकत होता. फोटोत ते बरे दिसेना. तेव्हा त्यांनी मागून तार बांधून तो मध्यावर बसवला. तारेने एका बाजूला दाब आला आणि सुतारबाबांचा सालपा गळून पडला. तो झाडणाऱ्याने केरात नेला.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझी काळजी उत्तम घेतली जाते. एवढी त्या घरात कोणाचीच घेतली गेली नाही. उद्या तुम्हीही सुट्टीच्या जेवणाचा खर्च मांडाल. मटणाचे ताट महाग, राजम्याचे स्वस्त, असे निघेल. जरूर मांडा. आत्याने काही खोटे तोलले नव्हते. पण जे वाचले ते कोणाच्या घरी गेले, एवढे विचारल्याशिवाय काट्यापुढून हलू नका. मला विचारता आले नाही. मला तोंड नव्हते. तुम्हाला देवाने दिले आहे.